बळ मागणारी प्रार्थना : रेव्हरंड टिळकांच्या निमित्ताने

मराठी वाङ्मयेतिहासात ख्रिस्ती साहित्याला एखादे स्वतंत्र प्रकरण मिळते आणि तेथेच त्याची बोळवण होते. 'क्रिस्तपुराण' (१६१६) ओवीचे म्हणून आणि 'स्मृतिचित्रे' आत्मचरित्राचे म्हणून आम्ही वर्गात शिकवतो. मात्र ज्या प्रार्थनेवर हे साहित्य उभे आहे ती आमच्या अध्यापनात क्वचितच येते. नारायण वामन टिळक यांच्या अभंगांकडे त्या दृष्टीने पाहावे, असे आम्हांस वाटते.

ख्रिस्ती प्रार्थनेचा एक प्रकार ऐहिक मागण्यांचा नसून सामर्थ्याच्या याचनेचा आहे. श्रद्धेने जगणे हे माणसाच्या निश्चयाचे फळ नव्हे; ते ईश्वरी सामर्थ्यानेच साधते, ही त्यामागची धारणा. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात पौलाने ती आपल्या अनुभवातून मांडली. शरीरातील काटा दूर व्हावा म्हणून त्याने तीनदा विनवणी केली. काटा निघाला नाही. कृपा पुरेशी आहे, एवढेच उत्तर मिळाले. दुर्बळपणा नाहीसा न होता त्याच्यातच सामर्थ्य प्रकटते, हा विचार पुढे अनेक ख्रिस्ती प्रार्थनांचा गाभा ठरला.

हा विचार मराठीत कोणत्या शब्दांत बोलावा? एकोणिसाव्या शतकातील मराठी चर्चमध्ये भाषांतरित गीते पाश्चात्त्य चालींवर म्हटली जात. शब्द मराठी असले तरी त्यांचे वळण परके होते. १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेल्या टिळकांनी येथे अभंग आणि भजन आणले. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशा आशयाचे त्यांचे उद्गार प्रसिद्धच आहेत. आपल्या हातून काही होत नाही, तूच करवून घे, ही आर्तता वारकरी परंपरेने मराठी मनात शतकानुशतके मुरवली होती. त्यामुळे ख्रिस्ताला माय आणि गुरू मानून त्याच्याकडे बळ मागताना टिळकांना नवी परिभाषा घडवावी लागली नाही.

तथापि यास केवळ जुन्या भांड्यातील नवा आशय म्हणणे अपुरे ठरेल. सर्व बळ देवाचे असे मानले, की माणूस निष्क्रिय होतो, हा आक्षेप नेहमीचाच. टिळकांचे चरित्र त्याला उत्तर देते. १९१७ साली त्यांनी मिशनच्या वेतनाचा आधार सोडला, ख्रिस्ती संन्याशाचे जीवन पत्करले आणि 'देवाचा दरबार' स्थापला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना त्यात स्थान होते. ज्याने स्वतःचे बळ नाकारले, त्यानेच उतारवयात हाताशी असलेली सुरक्षितता सोडली. १९१९ मध्ये त्यांचे निधन झाले आणि हा प्रयोग पुरता बहरू शकला नाही.

या कथेतील अधिक कठीण वाटा मात्र लक्ष्मीबाईंचा होता. पतीच्या धर्मांतराने त्यांच्यावर दुराव्याची वर्षे ओढवली. त्यांनी १९०० साली बाप्तिस्मा घेतला तो पतीच्या आज्ञेने नव्हे. सोवळेओवळे आणि जातिभेद यांविषयीचे त्यांचे स्वतःचे मन पालटल्यानंतर. शालेय शिक्षण जवळजवळ नसलेल्या या बाईंनीच टिळकांच्या हातून अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' पुढे नेले आणि त्यात अनेक अध्यायांची भर घातली.

बळ मागणाऱ्या प्रार्थनेला उत्तर मिळते की नाही, हे ठरवणे इतिहासाच्या कक्षेत येत नाही. ती मागणारी माणसे पुढे कशी जगली, एवढे इतिहास सांगू शकतो. टिळकांचे अभंग आणि लक्ष्मीबाईंचे गद्य आम्ही वेगवेगळ्या तासांना शिकवत आलो. ती एकाच प्रार्थनेची दोन रूपे म्हणून वाचली, तर दोन्हींचा अर्थ अधिक खुलेल, असा आमचा विश्वास आहे.