झोळी किती खोल असावी?

चितेगाव हे पैठण रस्त्यावरचे गाव. तेथे शिक्षकांच्या एका गटाबरोबर वर्तुळाकार गतीविषयी बोलताना आम्ही गोफणीचे उदाहरण घेतले. ज्वारीच्या कणसात दाणा भरू लागला की पाखरे हाकायला मराठवाड्यात गोफण लागायचीच. गटातल्या बहुतेकांनी गोफण पाहिली होती, पण चालवलेले थोडेच होते. दुसऱ्या दिवशी एका गुरुजींनी घरची जुनी गोफण आणली. ती अंबाडीच्या वाखाची, त्यांच्या वडिलांनी वळलेली होती. ती हाताळताना कोणीतरी विचारले, "दगड ठेवायची झोळी एवढी उथळ का? खोल केली तर गुंडा पडणार नाही." गुरुजी म्हणाले, "पडणार नाही, पण वेळेवर सुटणारही नाही."

हे उत्तर आकड्यांत तपासून पाहू. हातापासून गोफणगुंड्यापर्यंतचे अंतर 80 सेंमी आहे आणि गोफण सेकंदाला 3 फेरे घेते असे समजा. एका फेऱ्यात गुंडा सुमारे 5 मीटर अंतर कापतो, म्हणजे त्याचा वेग सेकंदाला 15 मीटर होतो. सुटल्यावर तो त्या क्षणीच्या स्पर्शरेषेने निघतो. पण ही स्पर्शरेषा स्वतः सेकंदाला 1080 अंश फिरत असते. सुटायला सेकंदाचा शंभरावा भाग उशीर झाला, तर दिशा जवळजवळ 11 अंशांनी बदलते. 20 मीटरवर हा फरक सुमारे 4 मीटर भरतो. पाखरू एका ताटावर आणि गुंडा भलतीकडेच! झोळी जितकी खोल, तितका गुंडा तिच्यातून बाहेर पडायला वेळ लागतो. उथळ झोळीतून तो चटकन सुटतो, पण फिरवताना निसटण्याची भीती असते. धरून ठेवणे आणि सोडून देणे या दोन गरजांमधली ही तडजोड आहे.

हीच तडजोड उत्तर अमेरिकेतल्या एका खेळाच्या इतिहासात स्पष्ट दिसते. तो खेळ म्हणजे लॅक्रॉस. लांब काठीच्या टोकाला जाळी असते. तिच्यात चेंडू झेलायचा, धावताना सांभाळायचा आणि गोलमध्ये फेकायचा. अनेक मूलनिवासी जमाती हा खेळ खेळत. आजच्या काठीचे मूळ आहे ते होडेनोशोनी लोकांच्या काठीत. हे लोक आजच्या न्यूयॉर्क राज्यात आणि त्याला लागून असलेल्या कॅनडाच्या भागात राहतात. हिकरीचे लाकूड वाफेवर मऊ करून ते वाकवत आणि आतड्याच्या किंवा कातड्याच्या वादीने जाळी विणत.

1867 मध्ये माँट्रिअलचे दंतवैद्य जॉर्ज बिअर्स यांच्या पुढाकाराने या खेळाचे छापील नियम ठरले. त्यांत एक मजेदार अट होती. चेंडू नसताना जाळी सपाट असली पाहिजे, तिला झोळ असता कामा नये! पुढे हळूहळू झोळ आला. आज पुरुषांच्या मैदानी खेळात, काठी आडवी धरून चेंडू जाळीत ठेवल्यावर, चेंडूचा माथा चौकटीच्या खालच्या कडेच्या खाली गेला तर काठी बाद होते. स्त्रियांच्या खेळात माथा चौकटीच्या वरच्या कडेपेक्षा उंच राहावा लागतो. म्हणजे प्रश्न तोच, नियमाची रेघ मात्र वेगवेगळ्या ठिकाणी.

या मर्यादेत राहून खेळाडू आपापली जाळी विणून घेतो. सर्वांत खोल भाग टोकाकडे ठेवला तर चेंडू लवकर सुटतो. दांड्याकडे ठेवला तर तो धावताना चांगला टिकतो. मध्यभागी ठेवला तर दोन्ही थोडे थोडे साधते. टोकाजवळ आडव्या दोऱ्या ओवलेल्या असतात. चेंडू शेवटी त्यांच्यावरून घसरत जातो. त्या जास्त ताणल्या किंवा झोळ वाढला, तर चेंडू अडखळतो. काठी तोवर पुढे झुकलेली असते आणि चेंडू जमिनीकडे जातो. प्राचीन काळी भूमध्य समुद्रातल्या बॅलिआरिक बेटांवरचे गोफणकरी वेगवेगळ्या लांबीच्या तीन गोफणी बाळगत आणि लक्ष्याच्या अंतराप्रमाणे त्यांतली एक निवडत. निवडीचे तत्त्व येथेही तेच आहे.

काठ्या बनवणारा मोठा कारखाना मूलनिवासींच्या अ‍ॅक्वेसास्ने वस्तीत होता. तो 1968 मध्ये जळाला. 1970 मध्ये प्लॅस्टिकची चौकट बाजारात आली. लाकूड वाकवण्याचे कसब मागे पडले, पण जाळी विणण्याचे राहिले. आता नायलॉनची दोरी किंवा तयार जाळी असते, तरी तिचा ताण हातानेच ठरतो.

हे कसब ज्यांचे, त्यांना खेळात मान मिळाला का? 1904 च्या सेंट लुइस ऑलिंपिकमध्ये मोहॉक खेळाडूंच्या संघाने तिसरा क्रमांक मिळवला. होडेनोशोनींचा स्वतःचा संघ 1983 मध्ये उभा राहिला आणि 1990 मध्ये पर्थच्या जागतिक स्पर्धेत खेळला. 16 ऑक्टोबर 2023 रोजी मुंबईत भरलेल्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अधिवेशनात क्रिकेटबरोबर लॅक्रॉसलाही 2028 च्या लॉस एंजलिस स्पर्धेत स्थान मिळाले. पण ऑलिंपिकमध्ये संघ पाठवते ती राष्ट्रीय ऑलिंपिक समिती. होडेनोशोनींना अशी मान्यताप्राप्त समिती नाही. ज्यांनी जाळी विणली त्यांच्याच नावाचा संघ अडतो, तो या नियमावर.

वर्गात करून पाहण्यासारखा एक प्रयोग सांगतो. स्वयंपाकघरातून उलथने, भातवाढी आणि खोल डाव आणा. कागदाचा एकच बोळा प्रत्येकात ठेवून, हात सारखाच फिरवून, दहा दहा वेळा फेका. बोळा कोठे पडला त्याच्या खुणा जमिनीवर खडूने करा. फेकण्याआधी अंदाज लिहायला सांगा आणि हात फिरवणाऱ्याच्या समोर कोणी उभे राहणार नाही याची काळजी घ्या. मग घरी कोणी गोफण वळणारे असतील तर मुलांनी त्यांना विचारावे: दोरी किती हात, झोळी किती बोटे रुंद, आणि का? उत्तरे मोजमापांसह वहीत उतरवून घ्या. चितेगावच्या त्या गुरुजींच्या वडिलांची मापे आम्हांला मिळाली नाहीत. ती विचारायला आम्ही उशिरा पोहोचलो होतो.