मुंजा : लोकसमजातील पिशाच आणि चित्रपटातील प्रियकर

प्रस्तावना

अमानवी व्यक्तीशी जडलेल्या प्रेमाची कथा भारतीय परंपरेस नवी नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील संवादात पुरूरवा राजा उर्वशी या अप्सरेची विनवणी करतो व ती त्यास नकार देते. आदित्य सरपोतदार दिग्दर्शित ‘मुंज्या’ (2024) या हिंदी भयविनोदी चित्रपटात स्थिती याच्या उलट आहे. येथे पिशाचच मानवी स्त्रीशी विवाहाचा हट्ट धरते. कोकणातील लोकसमजाचे हे रूपांतर प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

लोकसमजातील मुंजा

नाशिकचे जिल्हाधिकारी जॅक्सन यांची 1909 मध्ये हत्या झाली. त्यांनी जमविलेल्या लोकविद्येच्या सामग्रीवरून एन्थोवेन यांनी कोकणविषयक टिपणे सिद्ध केली. अशा नोंदींत मुंजा म्हणजे मुंज झाल्यावर, परंतु सोडमुंज होण्यापूर्वी मृत्यू पावलेल्या ब्राह्मण मुलाचे पिशाच होय. त्याचा वास पिंपळावर असतो. बाळंतपणात मृत्यू आलेली स्त्री हडळ होते, हा समजही याच स्वरूपाचा आहे. मृताची वैयक्तिक वासना येथे दुय्यम असून जीवनातील एक टप्पा अपुरा राहणे हेच पिशाचत्वाचे मुख्य कारण ठरते. उपनयन विशिष्ट वर्णांतील मुलांपुरते मर्यादित असल्याने मुंजा हे जातिव्यवस्थेच्या चौकटीतच संभवणारे पिशाच आहे.

चित्रपटातील रूपांतर

चित्रपटातील गोट्या 1952 मध्ये आपल्याहून मोठ्या मुन्नीवर प्रेम करतो, मुंजीनंतर लगेच मरण पावतो आणि अनेक वर्षांनी तिची नात बेला हिच्याशी विवाह मागतो. त्याच्या बहिणीचा नातू बिट्टू पुण्यात राहतो. पिशाच मात्र त्यास गावीच भेटते. गाव व शहर यांचा हा संबंध कोकणास परिचित आहे. उन्हाळ्यात नवी मुंबईच्या एपीएमसी मार्केटमध्ये कोकणचा हापूस उतरतो, तर शिमग्यास व गणपतीस चाकरमानी गावाकडे परततो. घराणे शहरात गेले तरी त्याची देवस्थाने आणि भुतेखेते गावीच राहतात.

बिट्टूचेही बेलावर मूक प्रेम आहे. एक प्रियकर तिला न विचारता विवाह ठरवितो, तर दुसऱ्यास विचारण्याचे धैर्य होत नाही. चित्रपटातील विनोद बराचसा या विसंगतीतून निर्माण होतो.

निष्कर्ष

लोकसमजात मुंजाची शांती हा कुटुंबाच्या विधीचा प्रश्न होता. चित्रपटात तो स्त्रीच्या संमतीचा प्रश्न झाला. एकतर्फी प्रेमाचा हट्ट हीच पिशाचबाधा, असा अर्थ त्यातून निघतो आणि तो समाजास उपकारक आहे. तथापि संस्काराची जागा प्रेमभंगाने घेतल्यामुळे मुंजाचा जातिविशिष्ट इतिहास मागे पडतो. चित्रपटावरून लोकसमज जाणून घेणाऱ्या पिढीसाठी ही हानी लहान नाही. म्हणून अशा चित्रपटांचा अभ्यास जुन्या नोंदींसोबतच होणे आवश्यक आहे.