वऱ्हाडातील रस्ते : महामार्ग रुंदावले, सांधे अरुंदच

अमरावती आणि अकोला या वऱ्हाडातील दोन प्रमुख बाजारपेठा. दोहोंमधील अंतर शंभर किलोमीटरही भरत नाही. कापूस, डाळी आणि तेलबिया यांच्या व्यापारावर वाढलेल्या या शहरांना जोडणारा रस्ता गेल्या दशकात अनेक वर्षे खड्ड्यांसाठी कुप्रसिद्ध होता. जून २०२२ मध्ये त्याच रस्त्याची नोंद ‘गिनीज’च्या विक्रमांच्या पुस्तकात झाली. एकाच रस्त्याच्या वाट्याला आलेल्या या दोन टोकांमध्ये वऱ्हाडातील रस्तेबांधणीची सारी कथा सामावलेली आहे. डांबर अंथरण्याचे काम किती जलद होऊ शकते, हे या रस्त्याने जगाला दाखविले. आणि डांबर अंथरण्याच्या टप्प्यापर्यंत पोहोचण्यास किती वर्षे लागतात, हेही त्यानेच दाखविले. या भागातील वाहतुकीचे भवितव्य ठरविताना ध्यानात घ्यावयाची खरी बाब ही दुसरी आहे.

कापसाने आखलेले मार्ग

रेल्वे येण्यापूर्वी वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवरून बाहेर जात असे. अमरावतीच्या एकाच व्यापाऱ्याने १८४२ साली एक लाख बैलांवर लादलेला कापूस खुष्कीच्या मार्गाने कलकत्त्याकडे रवाना केला, असे सांगितले जात असल्याचा उल्लेख जुन्या गॅझेटियरमध्ये आढळतो. १८५३ मध्ये वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला आणि १८६० च्या दशकात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा लोहमार्ग अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा असा पूर्वेकडे सरकला. अमरावती शहर मुख्य मार्गापासून बाजूला राहिल्याने बडनेऱ्याहून तेथे स्वतंत्र फाटा नेण्यात आला. पुढे मूर्तिजापूरहून उत्तरेस अचलपूर आणि दक्षिणेस यवतमाळ अशी ‘शकुंतला’ची अरुंद वाट निघाली.

या आखणीचा परिणाम आजही जाणवतो. लोहमार्ग पूर्व-पश्चिम धावतो आणि त्याला माल पुरविणारे रस्ते उत्तर-दक्षिण येऊन मिळतात. शहरे रेल्वेच्या दोन्ही अंगांना वाढली. त्यामुळे जेथे रस्ता रुळांना ओलांडतो, तेथेच वाहतूक तुंबते. वऱ्हाडातील कोंडीचा नकाशा काढावयाचा झाल्यास फाटके, पूल आणि बाजारातील चौक एवढीच ठिकाणे जोडत जावे लागेल.

चौपदरीकरणाची रखडकथा

हजिरा–धुळे–नागपूर–कोलकाता हा पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६. २०१० च्या नव्या क्रमांकरचनेत त्याचा या भागातील टप्पा ५३ झाला. गुजरातची बंदरे आणि पूर्व भारतातील खाणी व कारखाने यांना जोडणाऱ्या या मार्गावर अवजड वाहनांची वर्दळ अहोरात्र असते. नागपूर ते अमरावती हा टप्पा आधी चौपदरी झाला. अमरावतीच्या पश्चिमेस मात्र घोडे अडले.

अमरावती ते चिखली या सुमारे १९४ किलोमीटर टप्प्याचे काम २०१५ मध्ये ‘आयएल अँड एफएस’ समूहातील कंपनीकडे गेले. (ही चिखली म्हणजे बुलडाणा जिल्ह्यातील तालुक्याचे गाव नव्हे; मलकापूरच्या पुढील, जळगाव जिल्ह्याच्या सीमेजवळील गाव.) २०१८ मध्ये हा समूहच कर्जफेडीत बुडाला आणि काम ठप्प झाले. जुना दुपदरी रस्ता उकरलेला, नवा अपुरा, आणि दुरुस्ती कोणी करावी हा प्रश्न अनुत्तरित, अशा अवस्थेत प्रवाशांनी काही पावसाळे काढले. नंतर उरलेले काम अमरावती–कुरणखेड, कुरणखेड–शेलाड, शेलाड–नांदुरा आणि नांदुरा–चिखली अशा चार तुकड्यांत विभागून नव्याने देण्यात आले.

यांपैकी अमरावती–अकोला दरम्यानच्या भागावर विक्रम घडला. अमरावती जिल्ह्यातील लोणी ते अकोला जिल्ह्यातील माना यांदरम्यान ३ जून २०२२ रोजी सकाळी ७.२७ वाजता काम सुरू झाले आणि ७ जून रोजी सायंकाळी ५ वाजता संपले. १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी काँक्रीटचा अखंड एकपदरी पट्टा अंथरला गेला. दुपदरी रस्त्याच्या हिशेबात हे अंतर साडेसदतीस किलोमीटर होते. त्यासाठी ७२० जण राबले आणि ३६ हजार ६३४ टन मिश्रण लागले. पूर्वीचा विक्रम कतारमधील दोहा येथील होता.

हा पराक्रम निर्विवाद आहे. तथापि त्याचा अर्थ नीट लावला पाहिजे. पाच दिवसांत झाला तो रस्त्याचा डांबरी थर. त्याखालचे भराव, मुरूम आणि खडीचे थर, मोऱ्या, पूल, भूसंपादन, झाडे व वीजवाहिन्या हटविणे आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ठेकेदाराची आर्थिक कुवत, या गोष्टींनी आधीची वर्षे खाल्ली होती. यंत्रे आणि मजूर यांची उणीव वऱ्हाडास नडली नाही. नडला तो कराराचा कच्चेपणा. ‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’ या पद्धतीत कंपनी बुडाली की रस्ताही बुडतो. २०१६ पासून रूढ झालेल्या ‘हायब्रीड ॲन्युइटी’ पद्धतीत खर्चाचा ४० टक्के वाटा बांधकामाच्या काळातच सरकार देते आणि उरलेला ठेकेदार उभारतो. तीत जोखीम वाटली जाते खरी, परंतु काम बंद पडल्यास जुना रस्ता वाहता ठेवण्याची जबाबदारी कोणाची, हे कोणत्याही करारात पहिल्या दिवसापासून ठरलेले असले पाहिजे.

काळ्या मातीचा हिसका

वऱ्हाडाला समृद्ध करणारी काळी कसदार माती रस्त्याची मात्र वैरीण आहे. या मातीतील चिकणमातीचे कण पाणी शोषून फुगतात आणि उन्हाळ्यात आकसतात. मे महिन्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि तीच माती जुलैत लोण्यासारखी होते. तिच्यावरचा रस्ता वर्षातून एकदा उचलला जातो आणि एकदा खचतो. परिणामी डांबरावर लाटा उमटतात, कडा तुटतात आणि त्या फटींतून पाणी शिरले की खड्डा पडतो. तो बुजविताना वरून डांबर ओतणे म्हणजे दुखणे पोटात आणि लेप कपाळावर, असाच प्रकार होय.

पूर्णेच्या खोऱ्यात ही अडचण दुप्पट होते. दर्यापूर, अंजनगाव, अकोट, तेल्हारा हा गाळाचा सखल प्रदेश. त्याचा मोठा भाग खारपाणपट्ट्यात येतो. येथे जमिनीखाली लवकर खडक लागत नाही. मुरूम आणि खडी सातपुड्याच्या पायथ्याकडून किंवा दक्षिणेकडील डोंगराळ भागातून आणावी लागते. त्यामुळे एक किलोमीटर रस्त्याचा खर्च कागदावर समान दिसला तरी प्रत्यक्षात येथे तो वाढतो. मग काटकसर होते ती खालच्या, न दिसणाऱ्या थरांत.

यावरचे उपाय अभियंत्यांना अपरिचित नाहीत. माथ्याची काळी माती काढून टाकणे, तिच्यात चुना मिसळून तिचे फुगणे कमी करणे, रस्त्याची पातळी शेतापेक्षा उंच ठेवणे आणि दोन्ही बाजूंना पाणी वाहून नेणारी नाली राखणे. यांतील शेवटचा उपाय सर्वांत स्वस्त, आणि सर्वाधिक दुर्लक्षित. सिमेंट काँक्रीटचा आग्रह हल्ली सर्वत्र आहे, पण पाया फुगत राहिला तर काँक्रीटलाही तडे जातात.

समृद्धी जवळून गेली

नागपूर–मुंबई समृद्धी महामार्गाची लांबी ७०१ किलोमीटर. नागपूर–शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि इगतपुरी–आमणे या ७६ किलोमीटरच्या अखेरच्या टप्प्याचे लोकार्पण ५ जून २०२५ रोजी झाले. हा मार्ग अमरावती जिल्ह्यातील धामणगाव रेल्वे, चांदूर रेल्वे आणि नांदगाव खंडेश्वर या तालुक्यांतून जातो आणि पुढे वाशीम जिल्ह्यात शिरतो. अकोला जिल्हा त्याच्या उत्तरेस राहतो.

म्हणजेच अकोल्याच्या व्यापाऱ्याला समृद्धी गाठण्यासाठी मूर्तिजापूर–कारंजा किंवा पातूर–मालेगाव या बाजूने जावे लागते. जलदगती महामार्गाचा लाभ त्यावरील वेगाइतकाच तेथवर पोहोचण्याच्या वेळेवर अवलंबून असतो. जोडरस्ता अरुंद असेल, तर महामार्गावर वाचलेला अर्धा तास त्याच्या तोंडाशीच खर्ची पडतो. पवनार ते पत्रादेवी या प्रस्तावित शक्तिपीठ महामार्गाची आखणीही वर्धा, यवतमाळ, हिंगोली अशी दक्षिणेकडून झालेली आहे. अशा स्थितीत अकोल्यासाठी नवा महामार्ग मागण्यापेक्षा हैदराबादच्या दिशेने जाणारा अकोला–वाशीम–हिंगोली–नांदेड हा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक १६१ आणि कारंजाकडील जोडरस्ता निर्वेध राखणे अधिक फलदायी ठरेल.

पूल आणि चौक

शहरांच्या आत चित्र आणखी बिकट आहे. अमरावतीचे रेल्वेस्थानक शहराच्या मध्यभागी आहे. त्यावरून जाणारा राजकमल चौकाकडील जुना उड्डाणपूल धोकादायक ठरल्याने ऑगस्ट २०२५ मध्ये वाहतुकीसाठी बंद करण्यात आला, आणि शहराच्या दोन भागांतील सारा भार उरलेल्या मोजक्या वाटांवर आला. चित्रा चौक ते नागपुरी गेट या उड्डाणपुलाचे काम वर्षानुवर्षे रेंगाळल्याने इतवाऱ्याच्या बाजारपेठेला झळ सोसावी लागली. अकोल्यात शहरातील मोठा उड्डाणपूल मे २०२२ मध्ये खुला झाला. परंतु भुयारी मार्गात पावसाचे पाणी साचण्याच्या तक्रारी येतच राहिल्या. पूल बांधला म्हणजे कोंडी सुटत नाही. ती पुलाच्या उताराशी, पुढच्या चौकात सरकते. चौकातील रिक्षांचे थांबे, हातगाड्या, रस्त्यावर लावलेली वाहने आणि सिग्नलची वेळ यांचा विचार पुलाच्या आराखड्याबरोबरच व्हावयास हवा.

एकच पूल किती मोठ्या प्रदेशाला वेठीस धरू शकतो, याचे उदाहरण अकोला–अकोट रस्त्यावर घडले. पूर्णा नदीवरील गांधीग्रामचा ब्रिटिशकालीन पूल ऑक्टोबर २०२२ मध्ये तडे गेल्याने बंद झाला. श्रावणात राजराजेश्वराच्या कावडीसाठी जेथून जल आणले जाते, तेच हे ठिकाण. अकोट तालुक्यातील विद्यार्थी, रुग्ण आणि बाजारास निघालेले शेतकरी यांना फेऱ्याच्या वाटेने जावे लागले. त्याच सुमारास, नोव्हेंबर २०२२ मध्ये, ब्रॉडगेज झालेल्या अकोला–अकोट लोहमार्गावर प्रवासी गाडी सुरू झाली आणि लोकांना मोठा दिलासा मिळाला. रस्त्याला रेल्वेचा पर्याय असणे ही चैन नसून विमा आहे, हा धडा ‘शकुंतला’च्या बंद पडलेल्या दोन्ही शाखांबाबतही लागू पडतो.

मेळघाट आणि पांदण

परतवाडा–सेमाडोह–हरिसाल–धारणी हा मार्ग १९७४ साली घोषित झालेल्या मेळघाट व्याघ्र प्रकल्पातून जातो. येथे रस्ता हवा तेवढा रुंद करता येत नाही, आणि करूही नये. परंतु धारणीच्या अत्यवस्थ रुग्णाला जवळजवळ दीडशे किलोमीटरवरील अमरावतीला न्यावे लागते, हेही तितकेच खरे. यावर मार्ग एकच : वळणे सुरक्षित करणे, कठडे आणि मोऱ्या सुस्थितीत ठेवणे, आणि रस्त्यावरचा ताण कमी व्हावा म्हणून उपचाराची सोय धारणीतच वाढविणे.

दुसऱ्या टोकाला आहे पांदण. शेतातून गावापर्यंत येणाऱ्या या वाटेवर पावसाळ्यात बैलगाडी रुतते आणि ट्रॅक्टर फसतो. २००० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेने गावे जोडली; पण शेते जोडली गेली नाहीत. राज्य शासनाने २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत/पाणंद रस्ते योजना आणली. पांदणीवरील अतिक्रमणे आणि बांधाचे वाद यांमुळे ही कामे निधी असूनही अडतात. सोयाबीन आणि कापूस वेळेवर बाजारात न पोहोचल्याने होणारे नुकसान मात्र कोणत्याही महामार्गाच्या हिशेबात धरले जात नाही.

पुढील दिशा

विदर्भाच्या अनुशेषाची चर्चा १९८३ साली नेमलेल्या दांडेकर समितीपासून चालू आहे. १९९४ मध्ये स्थापन झालेल्या वैधानिक विकास मंडळाची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. या साऱ्या चर्चेत रस्त्यांचा अनुशेष मुख्यतः लांबीच्या हिशेबात मांडला गेला. आता किलोमीटर मोजून भागणार नाही. बंद पडलेले पूल, अपुरी फाटके, नाली नसलेले रस्ते आणि समृद्धीपर्यंतचे तुटके दुवे यांची जिल्हावार यादी व्हावी. प्रत्येक जुन्या पुलाची तपासणी पावसाळ्यापूर्वी होऊन तिचा अहवाल लोकांसमोर यावा, आणि पर्यायी वाट ठरल्याखेरीज कोणताही रस्ता उकरला जाऊ नये.

पाच दिवसांत पंचाहत्तर किलोमीटर डांबर अंथरू शकणाऱ्या प्रदेशाला वेगाची चिंता नाही. त्याला हवी आहे ती पहिल्या दिवसाची नीट तयारी आणि शेवटच्या थरानंतरची नियमित देखभाल. ती मिळाली, तर वऱ्हाडचा कापूस आणि वऱ्हाडचा माणूस, दोघेही वेळेवर पोहोचतील.