मोनजातीची साक्ष

साखळीचे नाव निघाले की वाळवंटी नदी, विठ्ठलाचे मंदिर आणि जवळचा हरवळ्याचा धबधबा यांचे स्मरण गोमंतकीयास होते. याच मालिकेत येथील दत्तमंदिराचे स्थान आहे. ज्याचे चित्त थाऱ्यावर नाही, अशा माणसाला त्याच्या आप्तांनी या दत्ताच्या पायांशी आणावे, ही परंपरा जुनी आहे. येथे मनोव्यथेस उतार पडतो अशी भाविकांची श्रद्धा आहे. श्रद्धेचा निवाडा करणे हे इतिहासाच्या अभ्यासकाचे काम नव्हे. पण दत्ताच्या सर्वपरिचित प्रतिमेकडे त्याने एकदा निरखून पाहावे. पाठीशी गाय उभी असते, पायांशी चार कुत्री असतात. गाय म्हणजे पृथ्वी आणि कुत्री म्हणजे चार वेद, असा त्यांचा अर्थ सांगतात. तो अर्थ खरा मानूनही एक गोष्ट उरतेच. भांबावलेल्या मनाला प्रथम वेद दिसत नाहीत. त्याला निमूटपणे जवळ बसलेले जनावर दिसते.

मुक्या जनावराच्या सान्निध्याने दुखऱ्या मनाला आधार मिळतो, या जुन्या अनुभवावरून पाश्चात्त्य देशांत गेली काही वर्षे मोठा वाद चालू आहे. असा आधार देणारा प्राणी विमानात किंवा भाड्याच्या घरात बरोबर ठेवण्याची सवलत रुग्णास असावी काय, आणि त्या सवलतीचा कोणी खोटा लाभ घेतला तर काय करावे, हे त्या वादाचे दोन मुद्दे होत.

वाहनात कुत्र्याला प्रवेश द्यावा की नाही, हा तंटा आपणांस नवीन नाही. महाप्रस्थानाच्या अखेरीस इंद्र रथ घेऊन आला, तेव्हा धर्मराजाच्या मागे एक कुत्रा तेवढा उरला होता. कुत्रा बाळगणाऱ्यास स्वर्गात थारा नाही, असे इंद्राने बजावले. आणि जो भक्तिभावाने आश्रयास आला त्याला टाकून मला स्वर्ग नको, असे उत्तर त्याला मिळाले. पुढे तो कुत्रा म्हणजे साक्षात यमधर्म असल्याचे उघड झाले. परंतु युधिष्ठिराला हे आधी ठाऊक नव्हते. त्याच्याजवळ होती ती केवळ सोबतीची ओळख.

युरोपात या अनुभवाला शास्त्राचे रूप हळूहळू येत गेले. इंग्लंडातील यॉर्क येथे विल्यम ट्यूक याने इ. स. १७९६ मध्ये मनोरुग्णांसाठी ‘रिट्रीट’ हे आश्रयस्थान उघडले. वेड्यांना साखळदंडांनी जखडण्याच्या त्या काळात तेथील अंगणांत ससे व कोंबड्या बागडत, आणि त्यांच्या देखभालीत रुग्णांचे मन रमे. दीर्घकाळ अंथरुणास खिळलेल्या रोग्याला लहानसा पाळीव प्राणी ही उत्तम सोबत होय, असे फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनीही शुश्रूषेवरील आपल्या प्रसिद्ध पुस्तकात नमूद केले आहे. पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी जर्मनीतील ओल्डेनबुर्ग येथे १९१६ साली वाटाड्या कुत्र्यांची शाळा निघाली. न्यू यॉर्कचे मानसशास्त्रज्ञ बोरिस लेव्हिन्सन यांना पुढे असे आढळले की, कोणाशीही न बोलणारे एक मूल त्यांच्या ‘जिंगल्स’ नावाच्या कुत्र्याजवळ मोकळे होते. १९६१ मध्ये त्यांनी हा अनुभव विद्वानांच्या सभेत मांडला, तेव्हा काही श्रोत्यांनी थट्टा केली. ती थट्टा विरून गेली, आणि या विषयाचा अभ्यास पुढे वाढत गेला.

“हा सारा मनाचा खेळ आहे” असे म्हणणारे आजही आहेत. त्यांना गोमंतकीयाने आपल्या आबे फारियाची आठवण द्यावी. कांदोळीस १७५६ साली जन्मलेल्या या धर्मगुरूने पॅरिसमध्ये संमोहनाचे प्रयोग केले, आणि ती निद्रा प्रयोगकर्त्याच्या कोणत्याही गूढ चुंबकीय शक्तीने येत नसून ज्याला ती येते त्याच्याच मनातून उपजते, असे प्रतिपादन केले. शक्ती बाहेरची नसली म्हणून परिणाम खोटा ठरत नाही. कुत्र्याच्या स्पर्शात औषध नसेलही; पण त्या स्पर्शाने ज्याला शांत झोप लागते त्याची झोप खरीच असते.

आता दुरुपयोगाकडे वळू. अमेरिकेत १९९० च्या अपंगविषयक कायद्याने प्रशिक्षित सेवाप्राण्यास सार्वजनिक ठिकाणी प्रवेश दिला. विमानप्रवासाचे नियम मात्र याहून सैल होते. केवळ सान्निध्याने आधार देणारा प्राणीही, मानसोपचारतज्ज्ञाचे पत्र असल्यास, विनाशुल्क नेता येई. साध्या पाळीव प्राण्यास भाडे पडे. येथेच मोहाचे बीज पडले. रुग्णाची पुरेशी विचारपूस न करता, पैसे भरताच दाखला देणारी दुकाने निघाली. सहलीस निघालेल्या धडधाकट माणसांची कुत्री रातोरात ‘आधारप्राणी’ झाली. जानेवारी २०१८ मध्ये न्यूअर्कच्या विमानतळावर एका प्रवासिनीने आपल्या मोराला आत घेण्याचा आग्रह धरला. विमानकंपनीने नकार दिला, आणि जगभर हसू झाले. परंतु सगळेच प्रकार हसण्यासारखे नव्हते. गर्दीची सवय नसलेली, शिक्षण नसलेली कुत्री विमानात माणसांना चावली, आणि खऱ्या सेवाकुत्र्यांच्या अंगावर धावली. अखेर डिसेंबर २०२० मध्ये तेथील परिवहन खात्याने नियम बदलला. जानेवारी २०२१ पासून आधारप्राण्यास सेवाप्राणी मानण्याचे बंधन विमानकंपन्यांवर राहिले नाही. अंधाच्या किंवा मनोरुग्णाच्या विशिष्ट कामासाठी शिकवलेला कुत्रा तेवढा त्या वर्गात राहिला.

माणसाच्या लोभाने प्राण्यांविषयीची एखादी व्यवस्था बिघडावी, याचे उदाहरण आपल्या मुंबईच्या इतिहासातही आहे. फक्त त्याची दिशा उलट आहे. पिसाळलेल्या कुत्र्यांच्या भयाने इंग्रज सरकारने भटकी कुत्री मारण्याची मोहीम काढली होती. १८३२ साली तिची मुदत वाढविण्यात आली, आणि दर कुत्र्यामागे आठ आणे इनाम होते. इनामाच्या आशेने शिपाई घरांतील पाळीव कुत्रीही ओढून नेऊ लागले. पारशी समाजात कुत्रा पवित्र. मृतदेहास कुत्र्याची दृष्टी घडविणे हा त्यांच्या अंत्यविधीचाच भाग. ६ जून रोजी लोक खवळले. दुसऱ्या दिवशी दुकाने बंद झाली, कुलाब्याच्या छावणीकडे जाणारी रसद अडविली गेली, आणि सरकारला सैन्य आणावे लागले. पुढे जमशेटजी जीजीभाई यांनी लोकांच्या वतीने सरकारकडे रदबदली केली. मुंबईचा पांजरपोळ १८३४ मध्ये उभा राहिला, तो जमशेटजी आणि मोतीशा शेट यांच्या पुढाकाराने.

मुंबईचा शिपाई आणि अमेरिकेचा दाखलेविक्या यांच्यात जवळजवळ दोन शतकांचे अंतर आहे. दोष मात्र एकच. एकाला मेलेल्या कुत्र्यामागे पैसा मिळत होता, दुसऱ्याला कागदामागे. कुत्रे कोणाचे, हे पाहण्याची शिपायास गरज नव्हती. दुःख खरे की खोटे, हे पाहण्याची दाखलेविक्यास गरज उरली नाही. ओळखीची जागा दामाने घेतली की दयेची व्यवस्था असो वा दंडाची, ती सारखीच सडते. कॅलिफोर्नियाने या रोगाची नाडी नेमकी ओळखली. आधारकुत्र्याचा दाखला देण्यापूर्वी उपचारकाचा रुग्णाशी किमान ३० दिवसांचा संबंध असलाच पाहिजे, असा कायदा तेथे १ जानेवारी २०२२ पासून अमलात आला. कायदा येथे दुसरे काय मागतो? ओळखच मागतो.

एखाद्याने भाडे वाचविले, त्यात कोणाचे काय गेले, असा प्रश्न कोणी विचारील. म्हातारी मेल्याचे दुःख नसते, काळ सोकावतो. ज्याला गर्दीत श्वास कोंडल्यासारखा होतो आणि मांडीवरच्या कुत्र्यामुळेच जो घराबाहेर पडू शकतो, त्याचे दार या खोटेपणाने बंद झाले. सुक्याबरोबर ओलेही जळाले. आता तो खरे बोलला तरी समोरच्याच्या ओठांवर आधी हसू उमटते. सवलत ही दुर्बलाची ठेव असते. धडधाकटाने तिच्यातून उचल केली की रिती तिजोरी पाहण्याची पाळी दुर्बलावर येते.

आपल्या देशात अशा आधारप्राण्यांचा स्वतंत्र कायदेशीर वर्ग अद्याप नाही. तथापि प्राणिमात्रांविषयी दया हे १९७६ पासून संविधानातील मूलभूत कर्तव्य आहे, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजारानेही येणारे अपंगत्व धरले असून ‘वाजवी सोय’ हे तत्त्व मान्य केले आहे. ही दोन टोके कधीतरी एकत्र येतील, आणि हा प्रश्न आपल्याही दारी उभा राहील. त्या दिवशी दुसऱ्याच्या अनुभवातून आपण शहाणे व्हावे. सवलत नाकारू नये आणि विकूही नये. जो रुग्णाला खरोखर ओळखतो त्यानेच शब्द द्यावा, आणि दिलेल्या शब्दाचे उत्तरदायित्व घ्यावे. कुत्र्याचे भय वाटणाऱ्या शेजाऱ्याचेही म्हणणे ऐकावे. त्याचे भयही मनाचेच दुखणे आहे.

कोंकणीत जनावरांना ‘मोनजात’ म्हणतात, म्हणजे मुकी जात. तिच्या नावाने माणूस कोणताही कागद लिहितो, आणि ती त्याचा इन्कार करू शकत नाही. म्हणून तो कागद खरा असण्याची जबाबदारी दुप्पट होते. साखळीच्या देवळात दुखणाईत माणूस येतो तेव्हा त्याच्याबरोबर त्याची आई असते, भाऊ असतो, कित्येक रात्री त्याच्या उशाशी जागलेले कोणीतरी असते. त्याच्या दुःखाची साक्ष देणारे ते असतात, आणि त्यांनी ते दुःख पाहिलेले असते.