पितृत्वरजा व अपत्यसंख्या : महाड-पोलादपूरच्या इतिहासांतील एक दुर्लक्षित प्रश्न

पित्यास प्रसूतिकाळीं रजा मिळाल्यास कुटुंबांत अपत्यें वाढतात कीं कमी होतात, हा प्रश्न वरवर अर्थशास्त्राचा दिसतो. परंतु आपल्या प्रांतापुरतीं त्याचीं साधनें घरोघरच्या जुन्या कागदांतच शोधावीं लागतील. स्पेन देशांत २००७ सालीं पित्यांस १३ दिवसांची सवेतन रजा मिळूं लागली. लिदिया फार्रे व लिबर्ताद गोन्सालेस ह्या विदुषींनीं २०१९ सालीं दाखविलें कीं, त्या रजेस पात्र झालेल्या दांपत्यांनीं पुढील अपत्य लांबणीवर टाकलें, व पुरुषांची अपत्येच्छाही उणावली. संगोपनाचे कष्ट पित्यास प्रत्यक्ष कळले, हें त्याचें एक संभाव्य कारण होय.

आपल्या शास्त्रकारांनीं पित्यास जन्मप्रसंगापासून दूर ठेविलें नव्हतें. जातकर्म हा संस्कार नालच्छेदनापूर्वीं पित्यानें करावयाचा. सुमारें १७९० सालीं रचलेल्या काशीनाथोपाध्यायांच्या धर्मसिंधूंत जननाशौचाचा निर्णय आला आहे. तथापि सोहेर म्हणजे धर्मकृत्यांतून विराम. पाळणा हलविण्यासाठीं दिलेली सवड नव्हे. पुढें पहिलें बाळंतपण माहेरीं करण्याच्या रूढीनें पिता आणखी दूर पडला.

महाड व पोलादपूर ह्या तालुक्यांत हें अंतर मुंबईच्या चाकरीनें वाढविलें. बायकामुलें गांवीं, पुरुष गिरणींत. भेट शिमग्यास किंवा गणपतीस. महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहानंतर वर्षानेंच, १९२८ सालीं, डॉ. आंबेडकरांनीं मुंबई कायदेमंडळांत प्रसूतिलाभाच्या विधेयकास पाठिंबा दिला. १९२९ सालीं कायदा झाला. त्यांत मातेचा विचार आहे, पित्याचा नाहीं. कारखान्यांच्या कायद्यांतील १९४५च्या दुरुस्तीनें वर्षाच्या नोकरीनंतर १० दिवसांची सवेतन रजा मिळाली. पण ती सर्वसाधारण होती, जन्मासाठीं नव्हे. ज्या पित्यानें तान्ह्याचें रात्रीचें रडणें ऐकलेंच नाहीं, त्याच्या इच्छेस आळा कशानें बसावा? सर्व भार जिच्यावर पडला, तिचें मत कोणी विचारिलें काय? स्पेनचें अनुमान येथें लावण्यापूर्वीं हे दोन प्रश्न सुटले पाहिजेत.

केंद्र सरकारनें १९९७ सालीं आपल्या नोकरांस १५ दिवसांची पितृत्वरजा दिली; अट ही कीं, हयात अपत्यें दोहोंपेक्षां कमी असावीं. म्हणजे टपालखात्यांतील नोकरास ती मिळते, खाजगी कारखान्यांतील कामगारास त्या नियमानें कांहींच मिळत नाहीं. शिवाय तिसऱ्या अपत्याच्या वेळीं रजाच नसल्यामुळें, ह्या नियमाचा परिणाम तपासावयाचा तर पहिल्या व दुसऱ्या अपत्यांमधील अंतरच पाहिलें पाहिजे.

ह्यासाठीं जन्मनोंदी, गिरण्यांचे रजेचे कागद, मनिऑर्डरींच्या पावत्या व मुंबईहून घरीं आलेलीं पत्रें एकत्र लावून वाचावीं लागतील. जन्माची तारीख व पित्याच्या घरीं येण्याची तारीख हीं शेजारीं ठेविलीं, तरच निर्णय होईल. जुलै २०२१च्या महापुरांत सावित्रीचें पाणी महाडच्या घराघरांत शिरलें. असे कागद पाण्यापुढें टिकत नाहींत. सनदा व महजर आपण जपतों; संग्राहकांनीं माळ्यावरच्या ह्या क्षुद्र वाटणाऱ्या कागदांसही आतां दप्तरांत स्थान द्यावें, ही विनंति.