मतभेद, मतदान आणि ग्रामसलोखा

कोल्हापुराहून गारगोटीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, कागल तालुक्यांत, बिद्री हें गांव लागतें. दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखान्यामुळें या गांवाचें नांव साऱ्या जिल्ह्याच्या तोंडीं झालें आहे. किंबहुना 'बिद्री' म्हटलें कीं गांवाआधीं कारखानाच डोळ्यांपुढें उभा राहतो. डिसेंबर २०२३ मध्यें या कारखान्याच्या संचालक मंडळाची निवडणूक झाली, तेव्हां कागल, राधानगरी, भुदरगड आणि करवीर या तालुक्यांतील सभासद दोन पॅनेलांत वांटले गेले. एका कारखान्याच्या निवडणुकीला एवढी चुरस कां यावी, असें शहरांतील वाचकांस वाटेल. परंतु ज्याच्या शेतांत ऊस उभा आहे त्याच्या दृष्टीनें तोडणीची पाळी, उसाचा दर आणि मुलाची नोकरी या तिन्ही गोष्टी त्या मतपेटींत असतात. आपलें मत उघड झालें तर ऊस फडांतच वाळेल, ही धास्ती ऊसकरी मुलखांत नेहमींच ऐकूं येते.

अशा ठिकाणीं सलोखा कसा राखावा? चार वडीलधाऱ्यांनीं एकत्र बसावें आणि तंटा मिटवावा, हें त्याचें नेहमींचें उत्तर आहे. आम्हांस तें अर्धेंच खरें वाटतें. कोण बसलें, केव्हां बसलें आणि कोणाच्या वतीनें बोललें, यावर बैठकीचें मोल ठरतें. याच मुलखाचा इतिहास त्यास साक्षी आहे.

तेव्हांच्या कागल जहागिरींतील माणगांव येथें २१ व २२ मार्च १९२० रोजीं अस्पृश्य वर्गाची परिषद भरली. अध्यक्षस्थानीं होते अवघ्या अठ्ठावीस वर्षांचे डॉ. भीमराव आंबेडकर. कायदेमंडळें विस्तारत होतीं, आणि अस्पृश्यांच्या वतीनें त्यांत कोणीं बोलावें हा प्रश्न ऐरणीवर होता. आदल्याच वर्षीं डॉ. आंबेडकरांनीं साउथबरो समितीपुढें त्याविषयीं साक्ष दिली होती. राजर्षि शाहू छत्रपति माणगांवास स्वतः गेले, आणि तुम्हांस तुमचा पुढारी लाभला आहे, अशा आशयाचें भाषण त्यांनीं केलें. १९०२ मध्यें राज्याच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठीं निम्म्या जागा राखून ठेवणारा हा राजा. दुर्बळांच्या वतीनें आपणच बोलावें, असें त्यास वाटलें असतें तर कोणासहि नवल वाटलें नसतें. परंतु दुर्बळांचा प्रतिनिधि दुर्बळांतूनच यावा, हें त्यानें भर सभेंत मान्य केलें. आमच्या मतें खऱ्या संवादाची पहिली अट हीच होय.

तथापि पूर्वजांच्या पुण्याईवर सलोखा टिकत नाहीं, हेंहि याच भूमीनें पाहिलें आहे. ३० जानेवारी १९४८ रोजीं गांधीजींचा वध झाला, आणि मारेकऱ्याच्या जातीचे म्हणून कोल्हापूर भागांतील ब्राह्मणांचीं घरेंदारें जाळण्यांत आलीं; भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओहि त्या आगींतून सुटला नाहीं. ७ जून २०२३ रोजीं मोबाइलवर पसरलेल्या मजकुरावरून खुद्द कोल्हापुरांत दगडफेक झाली. १४ जुलै २०२४ रोजीं विशाळगडावरील अतिक्रमणाच्या वादाची झळ पायथ्याकडील गजापुराच्या मुसलमान वस्तीस बसली आणि तेथील घरांची व मशिदीची नासधूस झाली. प्रसंग निराळे, कारणें निराळीं. परंतु चूक एकच. थोड्यांच्या कृत्याचा जाब साऱ्या समाजास विचारला गेला. निवडणुकीच्या दिवसांत, जेव्हां माणसें जातवारीनें मोजलीं जातात, तेव्हां ही चूक करण्यास मन अधिकच तयार असतें.

सरकारनेंहि या बाबतींत कांहीं प्रयत्न केले. १५ ऑगस्ट २००७ पासून राज्यांत महात्मा गांधी तंटामुक्त गांव मोहीम सुरू झाली. गांवोगांव समित्या नेमल्या गेल्या. बांधावरचे, भावकीचे, वाटेचे तंटे तेथेंच मिटवावेत असें ठरलें आणि यशस्वी गांवांस लोकसंख्येच्या मानानें बक्षिसें मिळूं लागलीं. कोर्टाच्या पायऱ्या झिजवून जी पिढीजात वैरें पिकतात, तीं पारावरच विझावींत, ही कल्पना स्तुत्य खरी. परंतु तंटा नसल्याबद्दल बक्षीस ठेविलें कीं तो झांकून ठेवण्याचा मोहहि उत्पन्न होतो.

बिनविरोध निवडणुकीची गोष्टहि तशीच. नाशिक जिल्ह्यांतील उमराणें आणि नंदुरबार जिल्ह्यांतील खोंडामळी या गांवीं पदांचा लिलाव झाल्याचें उघडकीस येतांच राज्य निवडणूक आयोगानें जानेवारी २०२१ मध्यें तेथील ग्रामपंचायतींच्या निवडणुका रद्द केल्या. उमराण्याची बोली दोन कोटींवर गेली होती. लाठी नाहीं, दगड नाहीं, भांडण नाहीं. वरवर पाहतां केवढी ही शांतता! परंतु ज्याच्याजवळ बोलीस पैसा नाहीं त्याचें मत तेथें मोजण्याआधींच बाद झालें. अशा शांततेस सलोखा म्हणणें म्हणजे मुक्या माणसास समाधानी म्हणण्यासारखें आहे.

दूरदेशींचें एक उदाहरण येथें उपयोगी पडेल. डिसेंबर २००७ च्या निवडणुकीनंतर आफ्रिकेंतील केनिया देशांत हजारावर माणसें मारलीं गेलीं, हें अनेकांस ठाऊक असेल. त्याच देशाच्या ईशान्येकडील वजीर जिल्ह्याची कथा मात्र फारशी ठाऊक नाहीं. तेथें सोमाळी कुळांमध्यें रक्तपात माजला असतां १९९३ मध्यें कांहीं स्त्रियांनीं पुढाकार घेतला. देखा इब्राहिम अब्दी या त्यांतील एक. त्यांनीं प्रथम बाजार हातीं घेतला. कोणत्याहि कुळाची बाई तेथें निर्भयपणें विकूं-घेऊं शकली पाहिजे, एवढेंच आधीं ठरविलें आणि त्यावर स्वतः देखरेख ठेविली. कुळांचे वडील, तरुण आणि अधिकारी मागाहून या कार्यांत आले. महाराष्ट्रांतील पंचायतींत २०११ पासून निम्म्या जागा स्त्रियांसाठीं राखून ठेवण्याची तरतूद आहे. परंतु तंटा मिटविणाऱ्या बैठकींत त्या निम्म्यानें बसतात काय, हें प्रत्येकानें आपल्या गांवापुरतें पाहावें.

बिद्रीसारख्या गांवानें यावरून काय घ्यावें? बैठक दंग्यानंतरची नसावी. उमेदवारी अर्ज भरण्यापूर्वींची असावी. तींत प्रत्येक वस्तीचें माणूस त्या त्या वस्तीनें निवडलेलें असावें. उमेदवार कमी करणें हें तिचें काम नव्हे. अफवा आली तर ज्याच्याविषयीं ती आहे त्यासच आधीं विचारावें, एकाच्या गुन्ह्याचा जाब दुसऱ्यास विचारूं नये, आणि मतावरून कोणाची पाळी चुकवूं नये, एवढें तिनें सर्वांदेखत ठरवावें. लढत मग कितीहि चुरशीची होवो. निकालाच्या दुसऱ्या दिवशीं हरलेल्या गटांतल्या शेतकऱ्याच्या फडांत ठरल्या पाळीप्रमाणें ऊसतोडीची टोळी उतरली, तर ती बैठक सार्थकीं लागली असें आम्ही समजूं.