ॲव्हरेजचा जमाखर्च

मराठी माणसाला कोणतीही मोटार दाखवा. तो तिच्याभोवती एक प्रदक्षिणा घालील, टायरला बुटाचं टोक लावून पाहील, बॉनेटवर टिचकी मारील आणि मग मुलगी बघायला आलेल्या वरपित्याच्या आवाजात विचारील, "ॲव्हरेज किती देते?" गाडी कुठल्या साली जन्मली, तिचे आधीचे मालक किती झाले, ती कुणाकुणाला जाऊन धडकली, हे प्रश्न नंतरचे. मालकाचं उत्तरही ठरलेलं असतं. "सिटीत चौदा, हायवेला अठरा." हे सांगताना तो दुसरीकडे बघतो. 'नऊ' असं उत्तर छातीठोकपणे देणारा मालक मला आयुष्यात एकच भेटला. एरवी नऊ देणाऱ्या गाड्या रस्त्यावर पुष्कळ आहेत. फक्त त्यांना मालक नाहीत.

आता या शब्दाचीच गंमत पाहा. आम्ही बी. कॉम. करत असताना सागरी विम्याचा एक धडा होता. त्यात 'ॲव्हरेज' या शब्दाचा अर्थ सरासरी नव्हता. नुकसान असा होता. अरबी भाषेत खराब झालेल्या मालाला जो शब्द होता, तो इटलीच्या बंदरांत जाऊन 'अवारिया' झाला आणि बंदराबंदरांतून फिरत इंग्रजीत 'ॲव्हरेज' झाला. जहाज वादळात सापडलं, ते हलकं करण्यासाठी कुणा एकाचा माल समुद्रात फेकावा लागला, तर ते नुकसान त्या एकट्याचं धरायचं नाही. जहाजावर ज्यांचा ज्यांचा माल आहे त्या सर्वांनी आणि जहाजाच्या मालकानेही ते प्रमाणात वाटून घ्यायचं. याला म्हणतात 'जनरल ॲव्हरेज'. या वाटणीच्या हिशेबातून पुढे सरासरी हा अर्थ आला. म्हणजे आपण "गाडी ॲव्हरेज किती देते?" असं विचारतो तेव्हा मुळात "गाडी तोटा किती देते?" असंच विचारत असतो. सेकंडहँड गाडी घेतलेल्या माणसाला ही व्युत्पत्ती समजावून सांगावी लागत नाही.

हा तोटा मोजण्याचा आपल्याकडचा इतिहासही मोठा मनोरंजक आहे. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलचं रेशनिंग झालं आणि बसगाड्यांच्या पाठीला कोळशाच्या गॅसचे बंब बसले. ड्रायव्हरला गाडी सुरू करण्याआधी शेगडी पेटवावी लागे. त्या काळी ॲव्हरेज शेराला किती मैल असंच निघत असणार, आणि ते घसरलं की सगळे कोळसेवाल्याच्या तराजूकडे बघत असणार.

स्वातंत्र्यानंतर कुर्ल्याहून फियाट आणि उत्तरपाड्याहून अँबॅसडर रस्त्यावर आल्या. हिशेब मैलांचा आणि गॅलनचा होता. इतक्यात १९५६ साली वजन-मापांचा कायदा झाला आणि देश हळूहळू दशमान पद्धतीवर आला. आता विचार करा. कालपर्यंत जो गृहस्थ "माझी गाडी तीस देते" असं ऐटीत सांगत होता, त्याची गाडी एकाएकी साडेदहा देऊ लागली. गॅलनला तीस मैल म्हणजे लिटरला साडेदहा किलोमीटरच. बँकेत आम्ही याला रूपांतर म्हणतो. त्या गृहस्थाला तो अपमान वाटला असेल. त्यातून पेट्रोल लिटरने आणि जुन्या गाडीचं मीटर मात्र मैलांचं, असा काही वर्षं संसार चालला. या घोटाळ्यात ज्याचं गणित कच्चं, त्याने सरळ ड्रायव्हरवर संशय घेतला असल्यास नवल नाही.

मग १९७३ चा ऑक्टोबर आला. अरब-इस्रायल युद्ध पेटलं, अरब देशांनी तेलाचा नळ आवळला आणि पिंपाला तीन डॉलरच्या आसपास असलेलं तेल चार-पाच महिन्यांत बाराच्या घरात गेलं. आपल्याकडे नोव्हेंबरात अटलबिहारी वाजपेयी पेट्रोलच्या भाववाढीचा निषेध म्हणून बैलगाडीतून संसदेत गेले. बैलगाडीचं ॲव्हरेज काढण्याची सोय कोणत्याही कायद्यात नसल्यामुळे त्या प्रवासाची नोंद तेवढी राहिली, आकडा राहिला नाही. पुढच्याच वर्षी मुंबईजवळच्या समुद्रात 'बॉम्बे हाय'ला तेल लागलं. आता पेट्रोल स्वस्त होणार म्हणून ज्यांनी तेव्हा जुनी गाडी घेतली, त्यांची नातवंडं अजून वाट बघताहेत.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली. इंजिन ७९६ सीसीचं. तिच्यानंतर जुन्या गाडीवाल्यांनी आपला आकडा हळू आवाजात सांगायला सुरुवात केली. १ फेब्रुवारी २००० पासून शिसं घातलेलं पेट्रोल देशभर बंद झालं, प्रदूषणाचे नियम आवळत गेले, आणि कार्बोरेटर नावाचा मोटारीतला कुलदेव पदच्युत झाला. त्याच्या जागी आला कॉम्प्युटर. पूर्वी मिस्त्री कानाला हात लावून इंजिन ऐकायचा आणि स्क्रू पाव फेरा फिरवायचा. तो पाव फेरा कुणाला दिसायचा नाही, पण त्याचे पैसे दिसायचे.

कार्बोरेटर गेला, पण त्या काळातलं ज्ञान गेलं नाही. घाटाच्या उतारावर गाडी न्यूट्रल करून सोडणारे लोक अजून भेटतात. कार्बोरेटरच्या काळी त्यात चार थेंब वाचत असतील. ब्रेक तापून त्यापेक्षा महाग गोष्ट गमावण्याचा धोका तेव्हाही होता. आजच्या इंजेक्शनच्या गाडीत तर हिशेब उलटा आहे. गाडी गिअरमध्ये ठेवून पाय काढला की उतारावर पेट्रोल बंद होतं. न्यूट्रलमध्ये इंजिन जिवंत ठेवायला मात्र ते चालू राहतं. पण हे सांगणाऱ्याकडे लोक ज्या नजरेने बघतात, ती मी बघितलेली आहे.

कंपनीचा आकडा हा आणखी एक भाग. तो पुण्याच्या ए.आर.ए.आय.सारख्या संस्थेत तपासला जातो आणि तपासणी प्रामाणिकच असते. फक्त तिथे गाडी रोलरवर धावते, एसी बंद असतो, आणि चाकाखाली आपल्या गल्लीतला एकही खड्डा नसतो. स्थळाच्या जाहिरातीतली उंची जशी खरीच असते, पण बूट घालून मोजलेली, तसं काहीसं.

सगळ्यात ताजा आरोपी म्हणजे ऊस. पेट्रोलमधलं इथेनॉल २०२२ साली दहा टक्क्यांवर गेलं आणि २०२३ पासून वीस टक्क्यांचं मिश्रण पंपांवर येऊ लागलं. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एकतृतीयांश शक्ती कमी असते, त्यामुळे जुन्या गाडीचं ॲव्हरेज थोडं उतरणारच. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालाने शुद्ध पेट्रोलसाठी बनलेल्या चारचाकींना ही घट सहा ते सात टक्के धरली होती. म्हणजे चौदाचे तेरा. पण पानावरच्या कट्ट्यावर विचाराल, तर चौदाचे सात होण्यालाही ऊसच जबाबदार असतो.

या सगळ्या इतिहासात मला एक गोष्ट कायम दिसते. पेट्रोल कमी पुरलं की आधी आरोपी ठरतो आणि हिशेब नंतर होतो. कोळसेवाला झाला, गॅलन झाला, अरब झाला, ऊस झाला. आणि हे सगळे हाताशी नसले, तर ड्रायव्हर असतोच.

आमच्या सोसायटीत नेमकं हेच झालं. नाना म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. नानींना आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावं लागतं, म्हणून त्यांनी २००६ सालची एक गाडी घेतली. गुडघ्यांमुळे नाना स्वतः चालवत नाहीत, बरोबरही जात नाहीत, सगळं मामांवर. मामा म्हणजे ड्रायव्हर. विकणाऱ्याने गाडी चौदा देते असं सांगितलं होतं. नानांच्या वहीत नऊच निघत होते. सोसायटीच्या विद्वानांनी एकमताने निकाल दिला: मामा पेट्रोल काढतात. एकाने तर रबरी नळीचा व्यासही सांगितला. पहिल्या तारखेला मामांचा हिशेब मिटवायचं ठरलं.

नाना मला म्हणाले, "तू बँकेत आहेस ना? मग एकदा आकडे बघून दे. अन्याय नको व्हायला." शिक्षा देण्याआधी पुन्हा एकदा पेपर तपासायची सवय, दुसरं काय.

बँकेत खात्यात आणि पासबुकात फरक निघाला, तर आम्ही लगेच कॅशियरला पोलिसांत देत नाही. मेळ घालतो. पहिली गोष्ट, नाना दर वेळी हजाराचं पेट्रोल भरत आणि रुपयांवरून अंदाज करत. ते बंद केलं. टाकी काठोकाठ नाही, पण नळी पहिल्यांदा टक्कन बंद पडेल तिथपर्यंत भरली. मीटर लिहून घेतलं. महिन्याने त्याच पंपावर तशीच भरली. चाललेले किलोमीटर २६०, लागलेलं पेट्रोल २८ लिटर. म्हणजे नऊला थोडं वर. मीटर खोटं बोलतं का, हे हायवेच्या दगडांवर ताडून पाहिलं, बोलत नव्हतं. चौदाच्या हिशेबाने साडेअठरा लिटर पुरायला हवं होतं. फरक साडेनऊ लिटर. आता एकेक नोंद शोधायची.

चाकं हाताने तपासली. एखादा ब्रेक चिकटत असेल तर त्या चाकाची थाळी इतरांपेक्षा तापते. तशी तापत नव्हती. हवा मात्र तिघांत कमी होती. प्लग काढले, तर बिस्किटाच्या रंगाचे असायचे ते काजळी धरलेले. म्हणजे पेट्रोल जास्त जात होतं. आणि गाडी कितीही चालली तरी तापमानाचा काटा अर्ध्यावर येईना. गॅरेजमध्ये उघडून पाहिलं, तर थर्मोस्टॅटच गायब. आधीच्या मालकाची गाडी कधी तरी तापली असेल, तेव्हा कुणीतरी "हे थंड देशातलं लफडं, आपल्याकडे लागत नाही" म्हणून काढून टाकलं होतं. तेव्हापासून इंजिन कधी पुरतं गरम झालंच नाही, आणि कॉम्प्युटर आपला ते गारठलंय असं समजून जादा पेट्रोल पाजत होता. पोरगं अंगणात खेळून घामाघूम झालं तरी स्वेटर काढू न देणाऱ्या आज्या असतात, तसा.

हवा, थर्मोस्टॅट आणि पाच-पाच किलोमीटरच्या फेऱ्या मिळून पावणेदोन लिटर धरले. उसाचे सव्वा. तरी साडेसहा लिटर कुठेच बसेनात. मामांना विचारलं तर ते खाली बघून म्हणाले, "मला काय सांगता यायचं नाही साहेब."

दुसऱ्या शनिवारी बँक बंद असते. मी गाडीत बसून बरोबर गेलो. हॉस्पिटलात मशीन मोकळं व्हायला रोज अर्धा तास जातो. बाहेरच्या बाकांवर गर्दी, उकाडा, आणि नानींना तिथे धाप लागते. मामांनी गाडी झाडाखाली लावली, एसी चालू ठेवला आणि स्वतः बाहेर उन्हात उभे राहिले. नानी डोळे मिटून मागे टेकल्या. "ह्यांना सांगू नकोस हं," त्या म्हणाल्या. "पेन्शनीत थेंब थेंब मोजतात रे. मी मामांनाही शपथ घातलीय."

महिन्याच्या तेरा खेपा, रोज अर्धा तास, म्हणजे साडेसहा तास. उभ्या गाडीत एसी लावला तर जुनं इंजिन तासाला लिटरभर पितं. साडेसहा लिटर. मेळ पैशापर्यंत बसला. शपथ मामांना घातली होती. मला नुसतं सांगितलं होतं, आणि हिशेबनिसाला नोंद गाळता येत नाही.

नानांनी तक्ता चष्मा पुसून दोनदा वाचला. त्या ओळीवर बराच वेळ थांबले. मग खिशातलं लाल पेन काढलं, ओळीपुढे 'बरोबर'ची खूण केली आणि खाली लिहिलं: 'अर्धा नव्हे, पाऊण तास.' मामांना हाक मारून दुसरी खुर्ची मागवली. मामा बसायला तयार होईनात, तेव्हा मुख्याध्यापकी आवाजात म्हणाले, "बसा म्हणतो ना!"

थर्मोस्टॅट बसला, हवा भरली, आणि पाऊण तासाच्या सुधारित तरतुदीमुळे ॲव्हरेज आणखी घसरून पावणेनऊवर आलं. पानाच्या कट्ट्यावर कुणी विचारलं की नाना मान वर करून सांगतात, "पावणेनऊ." ऐकणारा हळहळतो, मिस्त्रीचा पत्ता देऊ करतो. नाना तो घेत नाहीत.

सागरी विम्याच्या त्या धड्याला मला परीक्षेत बरे मार्क पडले होते, पण समजला तो आत्ता. जहाज तरावं म्हणून जे फेकलं, त्याला चोरी म्हणत नाहीत. ते सर्वांनी मिळून सोसायचं असतं. साडेसहा लिटरपैकी मामांनी आपल्या वाट्याचं महिनाभर गुपचूप सोसलं होतं. जहाजाच्या मालकाचा हिस्सा तेवढा भरायचा राहिला होता.